रूळ जमला, पोळी अडली

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचा रूळ कसा तयार होतो ते एकदा पाहण्यासारखं आहे. भट्टीत तापून पिवळाजर्द झालेला पोलादाचा लांबट ठोकळा रोलरांच्या रांगेवर येतो, एका जोडीतून दुसऱ्या जोडीत शिरतो, प्रत्येक फेरीत बारीक आणि लांब होत जातो. शेवटी १३० मीटर लांबीचा अखंड रूळ होऊन तो थंड व्हायला बाजूला सरकतो. असे दोन रूळ जोडून २६० मीटरचा एक पट्टा होतो आणि तो सबंधच्या सबंध रेल्वेच्या वाघिणींवर चढतो. तापलेल्या पोलादाला या सगळ्या प्रवासात माणसाचा हात लागत नाही, लागणं शक्यही नाही. त्याच वेळी कारखान्याच्या वसाहतीतल्या एखाद्या क्वार्टरमध्ये कणकेचा गोळा पोळपाटावर येतो. पोलाद लाटायचं काम यंत्रांनी केव्हाच आपल्याकडे घेतलं. वीतभर पोळी मात्र या पोलादाच्या गावातही हातानेच लाटली जाते.

हजार अंशांच्या वर तापलेलं लोखंड ज्याला हाताळता येतं त्याला कणीक का जमू नये, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. गेली साठ-सत्तर वर्षं जगातले उत्तम इंजिनिअर त्याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्याचं उत्तर कणकेत जेवढं आहे, तेवढंच ती मळली जाते त्या घरात आहे.

भिलाई आणि यंत्रमानव जवळजवळ एका वयाचे. भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. या दोन तारखांच्या आगेमागे अमेरिकेत जॉर्ज डेव्हॉल नावाचा संशोधक एका यांत्रिक हाताच्या मागे लागलेला होता. त्याने पेटंटसाठी अर्ज केला १९५४ मध्ये, ते मिळालं १९६१ मध्ये. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा हा हात कामाला लागला. वजन सुमारे १८०० किलो. काम एकच: साच्यातून नुकतेच निघालेले, तापलेले धातूचे सुटे भाग उचलायचे आणि पुढे द्यायचे. जगातल्या पहिल्या औद्योगिक रोबोला मिळालेली पहिली नोकरी तप्त धातूची होती, हे भिलाईकरांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

डेव्हॉलचा भागीदार जोसेफ एंगलबर्गर याला मात्र कारखान्यापुरतं थांबायचं नव्हतं. रोबोने माणसांत यावं, म्हाताऱ्यांना घरात हाताशी यावं, हे त्याचं आयुष्यभराचं वेड. १९८०च्या दशकात त्याने नवी कंपनी काढली आणि ‘हेल्पमेट’ नावाचा चाकांवरचा रोबो बनवला. तो रुग्णालयाच्या लांब मार्गिकांमधून जेवणाची ताटं, औषधं आणि कागदपत्रं पोचवत असे. रुग्णालयापर्यंत एंगलबर्गर पोचला. घराचं दार त्यालाही उघडलं नाही.

कारण असं की युनिमेटला डोळे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. सुटा भाग दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात, ठरल्या क्षणी येणार हे नक्की होतं. कारखान्याचं सारं जगच यंत्राच्या सोयीने आखलेलं असतं. रेल मिलमध्ये ठोकळ्याचं तापमान, जाडी, वेग, जागा सगळं आधी ठरलेलं आणि क्षणोक्षणी मोजलेलं. घरात नेमकं उलटं. काल खुर्ची होती तिथे आज मुलाचं दप्तर असतं. पाण्याची बादली दारात असते, गादीवर सुकवायचे कपडे पसरलेले असतात, चार्जरची वायर जमिनीवर लोळते, आणि मांजर कुठे बसेल ते मांजरालाही ठाऊक नसतं. घर हा जगातला सर्वांत अव्यवस्थित कारखाना आहे आणि तो तसाच राहावा अशी त्यात राहणाऱ्यांची इच्छा असते.

या अडचणीचा अंदाज सुरुवातीला कुणालाच नव्हता. कारेल चापेक या चेक नाटककाराचं ‘आर.यू.आर.’ हे नाटक १९२१ मध्ये प्रागमध्ये रंगभूमीवर आलं आणि त्याच्या भावाने, योसेफने, सुचवलेला ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीचा सात फुटी ‘इलेक्ट्रो’ लोकांनी रांगा लावून पाहिला. तो चालायचा, सुमारे सातशे शब्द बोलायचा, सिगारेटसुद्धा ओढायचा. घरात उपयोगी पडेल असं एकही काम त्याला येत नव्हतं. तरी पाहणाऱ्यांना वाटलं, आता दहा-वीस वर्षांत भांडी घासायला हा येणार.

तीस वर्षांनंतरची स्थिती कॅलिफोर्नियातल्या ‘शेकी’कडे पाहून कळते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात घडवलेला हा डगमगता डबा, आजूबाजूला पाहून स्वतः विचार करून हालचाल करणारा पहिला फिरता रोबो मानला जातो. त्याच्यासाठी मुद्दाम मोकळ्या खोल्या बांधल्या होत्या, त्यात रंगवलेले ठोकळे ठेवले होते, आणि तेवढं जग समजून घ्यायलाही त्याला फार वेळ लागे. पण त्याला वाट शोधता यावी म्हणून १९६८ मध्ये मांडलेली ‘ए-स्टार’ ही गणिती रीत आज नकाशांच्या अॅपपासून व्हिडिओ गेमपर्यंत सगळीकडे वापरली जाते. शेकीला खोलीभर जाणं जड गेलं. त्याची वाट शोधण्याची रीत मात्र जगभर फिरली.

हान्स मोराव्हेक या रोबोशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या कोड्याला नेमके शब्द दिले. बुद्धिबळात किंवा बुद्धिमापन चाचणीत मोठ्या माणसाची बरोबरी यंत्राला करून देणं तुलनेने सोपं आहे, पण पाहणं आणि हिंडणं या बाबतीत वर्षभराच्या मुलाची बरोबरी करून देणं महाकठीण. त्याने दिलेलं कारण विचार करायला लावणारं आहे. हिशेब, तर्क, बुद्धिबळ या गोष्टी माणूस उत्क्रांतीच्या मानाने अगदी अलीकडे शिकला. पाहणं, तोल सांभाळणं, बोटांनी जोखणं यामागे कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती आहे. ती आपल्याला इतकी सहज येतात की त्यांत काही कौशल्य आहे हेच आपण विसरतो. घरकामाला ‘बिनकौशल्याचं काम’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य ओट्यासमोर लिहून ठेवायला हरकत नाही.

घरात शिरलेल्या पहिल्या खऱ्या रोबोने म्हणूनच माणसासारखं व्हायचा नाद सोडला. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने केर काढणाऱ्या ‘ट्रायलोबाइट’चा नमुना १९९६ मध्ये दाखवला आणि २००१ मध्ये तो बाजारात आणला. वटवाघळासारखा ध्वनिलहरी सोडून तो अडथळे ओळखे. यंत्र चांगलं होतं, किंमत परवडणारी नव्हती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीची ‘रूम्बा’ आली. किंमत १९९ डॉलर. ही कंपनी एमआयटीतल्या रॉडनी ब्रुक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या तिघांनी १९९० मध्ये काढलेली. कंपनीने आधी सैन्यासाठी रोबो केले होते, आणि एका खेळणी कंपनीसाठी बोलकी बाहुलीही केली होती. स्वस्तात यंत्र कसं बनवायचं हे ते बाहुलीच्या धंद्यात शिकले, आणि रूम्बाच्या यशात त्या शिकवणीचा वाटा मोठा आहे.

ब्रुक्सचा सिद्धान्त त्या काळात बंडखोर होता. आधी जगाचा पूर्ण नकाशा डोक्यात तयार करायचा, मग विचार करायचा, मग हलायचं, ही शेकीची पद्धत त्याने मोडीत काढली. झुरळाला घराचा नकाशा कुठे माहीत असतो? तरी ते पळून जातं. १९८९ मध्ये त्याने ‘चंगीझ’ नावाचा सहा पायांचा किडा बनवला. त्याच्यात मध्यवर्ती विचार असा नव्हताच. साध्या साध्या प्रतिक्षिप्त क्रिया एकावर एक रचलेल्या होत्या. पहिली रूम्बा याच विचाराची. ती गोल गोल फिरत सुरुवात करी, भिंतीला लागली की काही वेळ भिंतीकडेने जाई, मग मनाला येईल त्या कोनात वळे. एखाद्या ठिकाणी चारदा जाई, एखादा कोपरा बराच वेळ सुटलेला असे. पण पुरेसा वेळ दिला तर जवळपास सगळी खोली झाडून होई. पुढच्या बंपरला धक्का लागला की वळायचं, खालचे अवरक्त किरण परत आले नाहीत की जिना आला असं समजून मागे सरायचं. एवढ्या भांडवलावर तिने जग जिंकलं.

आजचे रोबो नकाशा काढतात. त्यासाठीची युक्ती ऐकायला सोपी आणि करायला अवघड आहे: आपण कुठे आहोत हे कळायला नकाशा लागतो आणि नकाशा काढायला आपण कुठे आहोत हे कळावं लागतं. दोन्ही एकाच वेळी, संभाव्यतेच्या गणिताने, अंदाज सुधारत सुधारत केलं जातं. डोक्यावर फिरणारा लेसर भिंतींचं अंतर सतत मोजतो, किंवा कॅमेरा छताचे कोपरे आणि दाराच्या चौकटी ओळखून ठेवतो, आणि चाकं किती फिरली याच्याशी त्याचा ताळा घातला जातो. काही फेऱ्यांत फोनवर घराचा आराखडा उमटतो. पहिल्यांदा पाहताना खरंच नवल वाटतं. त्यातच थोडं सावध व्हायचंही कारण आहे, कारण कोणती खोली केवढी आणि पलंग कुठे, ही माहिती आता घराबाहेरच्या सर्व्हरवरही जाऊ शकते.

भारतात हे यंत्र आलं तेव्हा त्याला पहिला धडा शिकवला फरशीने. परदेशात गालिचा असतो, त्यातली धूळ ओढून घेतली की काम संपलं. आपल्याकडे केर काढणं हे अर्धंच काम. ओल्या फडक्याने फरशी पुसली नाही तर घर झालं असं कुणी म्हणत नाही. म्हणून भारतात खपणाऱ्या रोबोंना मागे पाण्याची छोटी टाकी आणि पुसायचं फडकं जोडावं लागलं. गुरुग्रामच्या मिलाग्रोसारख्या देशी कंपनीने हा बाजार आधीच ओळखला होता. खरी मागणी आली ती २०२०च्या टाळेबंदीत, कामाला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांच्या फाटकातच अडवलं गेलं तेव्हा. त्याच एप्रिलमध्ये शाओमीने झाडून पुसणारा रोबो १७,९९९ रुपयांना भारतात आणला. ज्यांनी आयुष्यात झाडू धरला नव्हता अशा पुष्कळांना त्या महिन्यांत घराचं क्षेत्रफळ पहिल्यांदा कळलं. पुण्याच्या पेपरमिंट कंपनीने वेगळी वाट धरली. तिचे मोठे रोबो कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या फरशा धुतात. हा शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल, कारण मोकळी फरशी हे कारखान्याच्या जवळचं जग आहे.

भिलाईचं क्वार्टर या रोबोच्या दृष्टीने पाहिलं तर गंमत येते. वसाहत नियोजनाने वसवलेली, सेक्टर आखीव, एका प्रकारची क्वार्टरं एका नकाशाची. तत्त्वतः एका घराचा नकाशा शिकलेला रोबो शेजारच्या घरातही जवळपास निभावून नेईल. प्रत्यक्षात माणसं घरात राहायला आली की आराखडा राहत नाही. कुणी व्हरांडा बंद करून खोली केली, कुणी मागच्या अंगणात शेड टाकली, कुणी सायकलीसाठी पायरी फोडून उतार केला. शिवाय उंबरठे. बाजारातले बहुतेक रोबो दोन सेंटिमीटरपर्यंतचा चढ ओलांडतात, जुन्या घरांचे उंबरठे त्याहून उंच असतात. काळ्या कडप्प्याची वेगळीच पंचाईत: गडद पृष्ठभाग अवरक्त किरण गिळतो, ते परत येत नाहीत आणि रोबोला वाटतं समोर खड्डा आहे. सपाट जमिनीवर तो दरीच्या काठी उभा राहिल्यासारखा थबकतो.

उन्हाळ्याचं गणित त्याहून निराळं. दुर्ग-भिलाईला मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात जातो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असा दंडक असतो. भर दुपारी बंद खोलीत चार्जिंगला लावलेला रोबो त्या मर्यादेशी खेळत असतो. मग वाटतं रात्री चालवावा. पण पोलादाच्या गावात रात्र आणि दिवस एकमेकांत मिसळलेले असतात. झोतभट्टी थांबत नाही म्हणून कामगारांच्या पाळ्याही थांबत नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, आणि केर ओढणाऱ्या रोबोचा आवाज साठ-पासष्ट डेसिबलचा, म्हणजे शेजारी बसून कुणी सलग गप्पा मारत राहावं इतका. झाडूला आवाज नसतो ही त्याची थोरवी अशा घरात कळते.

केर-फरशी ही झाली सपाट जमिनीवरची लढाई. ओट्यावरची लढाई त्याहून अवघड, आणि तिच्यात सर्वांत पुढे गेलेलं नाव मराठी आहे. प्रणोती नागरकर यांनी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. पती ऋषी इस्रानी संगणकाच्या क्षेत्रातले. दोघांनी २००८ मध्ये सिंगापुरात ‘झिम्प्लिस्टिक’ ही कंपनी काढली, एकच ध्यास घेऊन: पिठापासून फुगलेल्या पोळीपर्यंत सगळं एका यंत्राने करायचं. ‘रोटीमॅटिक’ ग्राहकांच्या घरी पोचायला २०१६ साल उजाडलं. एका पोळीसाठी आठ वर्षं. नवविवाहितेला आठवड्याभरात पोळी गोल यायला हवी अशी अपेक्षा धरणाऱ्या सासरच्यांनी हा आकडा मुद्दाम लक्षात घ्यावा.

या अठरा किलोंच्या पेटीत सुमारे दहा मोटारी, पंधरा संवेदक आणि तीनशे सुटे भाग आहेत. वर पीठ, पाणी आणि तेल यांचे तीन वेगळे डबे. यंत्र एका वेळी एकाच पोळीपुरती कणीक भिजवतं, मळतं, गोळा करतं, दोन तव्यांमध्ये दाबून पातळ करतं, भाजतं आणि फुगवतं. तापलं की मिनिट-दीड मिनिटाला एक पोळी बाहेर येते. पेटंटं पस्तीसच्या वर, सुरुवातीची किंमत ९९९ डॉलर. २०१८ मध्ये कंपनीला गुंतवणूकदारांकडून तीन कोटी डॉलर मिळाले. विक्री आधी सिंगापूर आणि अमेरिकेत. म्हणजे जिथे पोळी करायला हात मिळत नाहीत आणि आठवण मात्र येत राहते, तिथे.

यंत्राला खरं अवघड गेलं ते पाण्याचं प्रमाण. एकाच गिरणीचं पीठ पावसाळ्यात जास्त ओलसर असतं, उन्हाळ्यात कोरडं. गव्हाची जात बदलली की पाणी पिण्याची ताकद बदलते. आई ‘थोडं थोडं पाणी घाल, हाताला कळेल’ असं सांगते, पण यंत्राला हात नाही. मळताना मोटारीवर किती जोर पडतो त्यावरून यंत्र कणकेचा घट्टपणा जोखतं आणि थेंबाथेंबाने पाणी बदलतं. हजारो घरांतली यंत्रं इंटरनेटने जोडलेली असल्यामुळे त्यांच्या अनुभवावरून कार्यप्रणाली सुधारली जाते आणि नवी आवृत्ती सगळ्यांना पोचते. एका घरची बिघडलेली कणीक दुसऱ्या घरच्या पोळीच्या उपयोगी पडते.

हे जमतं त्याचं मोठं श्रेय गव्हाला आहे. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की त्यांची लवचीक जाळी तयार होते. जाळी ताणता येते, दाबता येते, वाफ कोंडून फुगवता येते. आता भिलाईच्या आसपासच्या खेड्यांत या. छत्तीसगड म्हणजे भाताचं कोठार. तांदळाच्या पिठात ही जाळीच नाही. इथला चौसेला, म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी, उकळत्या पाण्यात पीठ भिजवून करतात, कारण उष्णतेने फुगलेला स्टार्चच तिथे चिकटवण्याचं काम करतो. कोकणातली तांदळाची भाकरी याच तत्त्वावर. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीची भाकरी थापतात, लाटत नाहीत, तेही याच कारणाने: जाळी नाही म्हणून ताण सोसत नाही, कड चिरते आणि ती बोटांनी थापता थापताच सांधत जावी लागते. छत्तीसगडी अंगाकर रोटी तर याही पुढची. जाडजूड गोळा पानांत गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायचा, आत शिजला की नाही ते वासाने ओळखायचं. पान, निखारा आणि वास या तीन गोष्टी यंत्राच्या हाताबाहेरच्या आहेत. बंगळुरूत तयार झालेले ‘नोश’सारखे स्वयंपाकी रोबो भाजी, खिचडी, पनीरची भाजी मसाले मोजून, ढवळून करतात, कारण कढईतलं ढवळणं हे पेटीत बंद करता येणारं काम आहे. अंगाकर पेटीत मावत नाही.

तरीही ओट्यावरची यंत्रं आपल्याला नवी नाहीत. सुमीत मिक्सरची जन्मकथा याच जातीची आहे. परदेशी बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे जळाला आणि माथुर दांपत्याने आपल्या हळदी-खोबऱ्याला पुरेल असं दणकट यंत्र बनवलं. पाट्या-वरवंट्याची कंबरदुखी त्याने सोडवली. पण यंत्र आलं म्हणजे वेळ वाचला असं सरळ होत नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की धुलाई यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर आले तसे स्वच्छतेचे निकष वाढले. पूर्वी गालिचे वर्षाकाठी बाहेर नेऊन झटकले जात आणि त्या कामाला घरातले पुरुषही लागत. यंत्र आल्यावर ते काम दर आठवड्याचं झालं आणि एकट्या बाईचं झालं. भारताच्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे या संदर्भात वाचावेत. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, २०२४ मध्ये २८९. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ९७ वरून ८८ वर आली. मधल्या पाच वर्षांत इतकी यंत्रं आली, त्यांतून बाईची रोजची दहा मिनिटं वाचली. पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली.

मग माणसासारखे दोन हात, दोन पाय असलेला घरगडी कधी येणार? जमिनीवरचं फडकं उचलून पिळणारा, ओट्यावरचं पातेलं उतरवणारा, गच्चीवरचे कपडे आणणारा? घर माणसाच्या मापाने बांधलेलं, म्हणून रोबोही माणसाच्या मापाचा हवा, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. त्या दिशेचं पहिलं गाजलेलं पाऊल २०१० मधलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पीटर अबील यांच्या चमूने एका दोन हातांच्या रोबोला टॉवेलची घडी घालायला शिकवलं. आधी न पाहिलेला, चुरगळलेला टॉवेल उचलून त्याने नीट घडी घातली. एका टॉवेलला सरासरी पंचवीस मिनिटं. कापड हे कणकेसारखंच यंत्राला छळणारं: त्याला ठरलेला आकार नाही आणि प्रत्येक स्पर्शाने ते नवं रूप घेतं.

त्यानंतर पद्धत बदलली. नियम लिहून देण्याऐवजी माणसाला काम करताना दाखवायचं आणि यंत्राने त्यातून शिकायचं. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने ‘मोबाइल अलोहा’ दाखवला. सुमारे ३२,००० डॉलरांत उभा केलेला हा चाकांवरचा दोन हातांचा रोबो, माणसाने त्याचे हात धरून पन्नासेक वेळा काम करून दाखवलं की तव्यावर कोळंबी परतायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘वनएक्स’ या मूळ नॉर्वेच्या कंपनीने ‘निओ’ नावाच्या घरगुती मानवाकृती रोबोची आगाऊ नोंदणी सुरू केली: किंमत २०,००० डॉलर, किंवा महिना ४९९ डॉलर. जाहिरातीत तो कपाटं लावतो, पाणी आणून देतो. जे काम त्याला येत नसेल ते कंपनीचा माणूस दूर कुठेतरी बसून, रोबोच्या डोळ्यांनी तुमचं घर पाहत, त्याच्या हातांनी करून देणार, हेही कंपनीने लपवलं नाही. घरकामाला बाई ठेवताना लोक तिची ओळख, गाव, कुणी पाठवलं हे विचारतात. इथे विचारणार कुणाला?

आणि झाडणाऱ्या रोबोचा धंदा? कोट्यवधी यंत्रं विकणारी आयरोबोट कंपनी अॅमेझॉनने विकत घ्यायची २०२२ मध्ये ठरवली होती. युरोपीय नियामकांच्या हरकतींनंतर तो सौदा जानेवारी २०२४ मध्ये फिसकटला. चिनी स्पर्धकांनी किमती पाडल्या. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती तिच्याच चिनी उत्पादकाच्या हाती गेली. आधी जिंकला तोच टिकतो असं या बाजारात नाही.

मानवाकृती रोबोंच्या कंपन्यांना आता सर्वांत जास्त हवी आहे ती माणसांच्या हातांच्या हालचालींची नोंद. भाषा शिकवायला पुस्तकं आणि इंटरनेटवरचा मजकूर आयता होता. घडी कशी घालतात, भांडं कोणत्या कोनात धरतात, पेला उचलताना बोटं किती आवळतात, हे कुठेच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून ती नोंद आता पगार देऊन करून घेतली जाते, आणि तीही बऱ्याच अंशी भारतात. तामिळनाडूतलं करूर हे चादरी-टॉवेलांसाठी प्रसिद्ध गाव. तिथे तरुण कामगार कपाळाला छोटा कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलच्या घड्या घालतात: टोपलीतून उचलायचा, झटकायचा, तीनदा दुमडायचा, ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायचा, पुन्हा पहिल्यापासून. हे व्हिडिओ परदेशी रोबो-कंपन्यांकडे जातात. घडी घालताना किंवा ठेवताना चूक झाली, तर ते चित्रीकरण बाद करून काम नव्याने करावं लागतं.